तालमीतला फुटबॉल

मुलांनो, तुम्ही तुर्भे पाहिलंय का? आमचं तुर्भे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं बरं का! ठाणे-बेलापूर रस्त्यानं बस आली, की बाजार समितीच्या बाजूनं मिरची, हळद आणि धन्यांचा वास येतो. दोन शिंका आल्या, की समजायचं, तुर्भे आलं. रस्त्याच्या एका बाजूला हा बाजार, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि त्यांच्या मागे दगडखाणींनी कुरतडलेले डोंगर. मध्ये जिथं म्हणून जागा सापडेल तिथं ट्रक उभे. पंजाबचे, कर्नाटकचे, नाशिकचे, कोल्हापूरचे.

मी इथल्या एका शाळेत चौथीला शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला मी प्रत्येकाला विचारते, "तुझं गाव कोणतं?" उत्तरं ऐकता ऐकता भूगोलाचा तास आपोआप होऊन जातो. सातारा, सांगली, बीड, जालना, विजापूर, आझमगड! कुणाचे बाबा बाजारात माथाडी कामगार, कुणाची आई कारखान्यात, कुणाचे काका ट्रकवर. जुन्या तुर्भे गावातली आगरी मुलं सोडली, तर "माझं गाव तुर्भे" असं कुणीच म्हणत नाही. जन्म इथला, शाळा इथली, दोस्त इथले. पण गाव मात्र लांब कुठंतरी.

याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण एका जानेवारीत एक गोष्ट घडली आणि मी विचारात पडले.

वस्तीच्या मागे ट्रक उभे करायची एक मोकळी जागा आहे. संध्याकाळी पाच-सहा ट्रक कमी असले, की तिथं मुलं फुटबॉल खेळतात. दोन बाजूंना दोन-दोन विटा, झाला गोल! त्या दिवशी चेंडू विटेच्या आतून गेला की बाहेरून, यावरून भांडण जुंपलं. शब्दानं शब्द वाढला. "ही जागा आमची, तुम्ही बाहेरचे," असं एकानं म्हटलं. मग दुसऱ्यानं दगड उचलला. तो लागला नेमका आमच्या वर्गातल्या छोट्या गोलकीपरला. भुवईवर तीन टाके पडले!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "कोणत्या दोन संघांचा सामना होता?" सगळे गप्प. शेवटी डोक्याला पट्टी बांधलेला तो गोलकीपरच म्हणाला, "बाई, इथं आमची टीमच नाही. आमची टीम कोल्हापूरला आहे. बाबा सांगतात, तिकडं पेठेची टीम असते."

त्याचे बाबा बाजारात गुळाच्या ढेपा उचलायचं काम करतात. ते मूळचे कोल्हापूरचे. मुलगा तुर्भ्यात जन्मला, कोल्हापूर त्यानं दोन-तीनदाच पाहिलं. पण त्याची टीम तिथं! आणि ज्या जागेत तो रोज खेळतो, तिथं त्याची कुणीच नाही. मला हे फार लागलं. पेठेची टीम म्हणजे असतं तरी काय, हे एकदा जाऊन बघायचंच, असं मी ठरवलं.

माझे मामा कोल्हापूरला राहतात. मार्चमध्ये दोन सुट्ट्या जोडून आल्या. रात्री वाशीच्या हायवेवर एस.टी. पकडली. पुणे, सातारा, कऱ्हाड मागे पडलं आणि पहाटे पंचगंगेचा पूल आला. मामा स्टँडवर उभेच होते. मी म्हटलं, "मामा, मला अंबाबाईच्या देवळात जायचंय, रंकाळ्यावर जायचंय, आणि फुटबॉल बघायचाय."

मामा एकदम थांबले. "फुटबॉल? अगं पोरी, मग आधी तालमीत चल!"

आता तुम्ही म्हणाल, तालमीत तर कुस्ती असते. फुटबॉलचा तिथं काय संबंध? मलाही तसंच वाटलं होतं.

पेठेतल्या एका बोळातून आम्ही आत गेलो. दुमजली इमारत. खाली आखाडा. आखाड्याची ती लाल माती तुम्ही कधी हातात घेतली आहे? लोण्यासारखी मऊ असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मिसळलेलं असतं, म्हणजे पैलवानाच्या अंगाला जखम चिघळत नाही. भिंतीशी मारुतीची मूर्ती. आणि वरच्या मजल्यावर? काचेच्या कपाटात ओळीनं चषक आणि खिडकीत वाळत घातलेले फुटबॉलचे बूट! खाली मारुती, वर फुटबॉल. असं दृश्य मी तरी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

हे कसं झालं, ते सांगते.

कोल्हापूर म्हटलं की राजर्षी शाहू महाराजांचं नाव येतंच. त्यांचा जन्म १८७४ चा. १९२२ मध्ये ते वारले. कुस्तीवर त्यांचं भारी प्रेम. त्यांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीमैदान बांधून पुरं केलं. मध्यभागी आखाडा आणि भोवती गोलाकार, चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, कुस्ती स्पष्ट दिसते. महाराजांच्या आश्रयामुळं पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. पेठेतला मुलगा सकाळ-संध्याकाळ तालमीत जायचा. जोर-बैठका काढायचा, माती अंगाला लावायचा. वस्तादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

पण तालीम म्हणजे नुसता व्यायाम नव्हता. शिवजयंती तालमीची. गणपती तालमीचा. इतकंच काय, मोहरममधले पंजेसुद्धा कोल्हापुरात कितीतरी तालमींमध्ये बसतात आणि हिंदू-मुसलमान सगळे मिळून त्यांची सेवा करतात. कुणाच्या घरी लग्न असो की दुःखाचा प्रसंग असो, तालमीची पोरं आधी हजर.

फुटबॉल आपल्या देशात आला तो इंग्रजांबरोबर. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला, तेव्हा त्यात गोऱ्या पलटणींचेच संघ खेळायचे. हळूहळू हा खेळ शाळा-कॉलेजांतून आणि संस्थानांतून पसरला. कोल्हापुरात राजघराण्यानं कुस्तीसारखंच त्यालाही उचलून धरलं. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. सगळे तिला के.एस.ए. म्हणतात. स्पर्धा भरवायला संघ हवेत. संघ कुठून आणायचे?

मामा म्हणाले, "आणायचे कशाला? तालमीत पोरं होतीच की! दम होता, पायात ताकद होती, वस्तादाचा धाक होता. फक्त लंगोट सोडून चड्डी-बनियन घालायचं आणि मैदानात उतरायचं!"

म्हणजे कोल्हापुरात फुटबॉलसाठी क्लब काढायची गरजच पडली नाही. आधीपासून असलेल्या तालमीच फुटबॉलचे क्लब झाल्या. जगात कितीतरी क्लब आहेत. कुणी कारखान्यातल्या कामगारांनी काढलेले, कुणी रेल्वेचे, कुणी कॉलेजचे. पण कुस्तीच्या आखाड्यातून निघालेले फुटबॉल संघ, ही कोल्हापूरची खासियत!

या संघांची नावं ऐका, गंमत वाटेल. पाटाकडील तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. शिवाजी तरुण मंडळ. प्रॅक्टिस क्लब. जुना बुधवार तालीम. वेताळमाळ तालीम. संध्यामठ. फुलेवाडी. ऋणमुक्तेश्वर तालीम. आणि माझं सगळ्यात आवडतं नाव : उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम! एकाच गुणतक्त्यात खंडोबा, वेताळ, बाळकृष्ण आणि वाघ! पण नीट बघा. यातली कितीतरी नावं म्हणजे पत्तेच आहेत. पाटाकडील म्हणजे पाटाच्या बाजूची. जुना बुधवार म्हणजे ती पेठ. फुलेवाडी म्हणजे ते उपनगर. संध्यामठ म्हणजे रंकाळ्यातला तो दगडी मठ. नाव वाचलं की संघ कुठला, ते कळतं. संघ आणि जागा वेगळ्या करताच येत नाहीत.

दुपारी आम्ही शाहू स्टेडियमकडं निघालो. खासबागेपासून चालत जाता येतं. थंडी सुरू झाली की कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम सुरू होतो, तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी लीग, म्हणजे साखळी स्पर्धा. गटातले संघ एकमेकांशी खेळतात. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक, हरलं की भोपळा. मग वेगवेगळ्या चषकांच्या बाद स्पर्धा. त्यात हरलं की थेट घरी! हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी असते. कोणता खेळाडू कोणती तालीम सोडून कुठं गेला, याची बातमी इथल्या वर्तमानपत्रांत छापून येते आणि चहाच्या टपरीवर तिच्यावर तासन् तास चर्चा चालते.

आम्ही तिकीट काढून आत गेलो. बापरे, केवढी ती गर्दी! ढोल वाजताहेत, झेंडे फडकताहेत, शेंगावाले ओरडताहेत. बायकाही होत्या. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, मांडीवर पिशवी. मी विचारलं, "आजी, तुम्हाला ऑफसाइड कळतं?" त्या म्हणाल्या, "आगं, माझा नातू बॅकला खेळतोय. मला न्हाई कळणार तर कुणाला?" आणि मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. पास देताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये विरुद्ध बाजूचे निदान दोघं तरी असायला हवेत, नाहीतर पंच शिट्टी मारणार. आजींचं एकही वाक्य चुकलं नाही!

सामना कोणत्या दोन तालमींचा होता, ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर अर्धं कोल्हापूर माझ्यावर रुसेल! पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. उत्तरार्धात मात्र खेळ तापला. मामांच्या तालमीचा एक पोरगा उजव्या बाजूनं असा सुसाट निघाला, की मी जागची उठूनच उभी राहिले. तेवढ्यात त्याला कुणीतरी पाडलं. पंचांनी शिट्टी मारली नाही. झालं! सगळी गॅलरी खवळली. आमच्या पुढच्या पायरीवर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्यानं पाण्याची बाटली उचलली आणि मैदानात फेकायला हात मागे नेला.

मला एकदम आमच्या वस्तीमागची ती जागा आठवली. तो दगड आठवला. भुवईवरचे तीन टाके आठवले.

पण बाटली सुटलीच नाही. मामांनी त्याचं मनगट धरलं होतं. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "कुणाचा तू? कुठल्या तालमीचा?" त्यानं तालमीचं नाव सांगितलं. मामा म्हणाले, "मग बाटली तू टाकलीस, तरी नाव तिचंच लागणार. विचार कर आणि मग टाक." आणि त्यांनी हात सोडून दिला! मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं बाटली उघडली, घटाघट पाणी प्यायला आणि खाली बसला.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. परत येताना मी मामांना विचारलं, "त्यानं खरंच फेकली असती तर?"

मामा गंभीर झाले. "फेकतात की. खोटं कशाला बोलू? पेठेचं प्रेम लई असतं आणि कधी कधी ते डोक्यात जातं. मारामाऱ्या झाल्यात, दगड पडलेत, सामने थांबवावे लागलेत. पोलीस येतात, पोरांवर केसेस होतात. एकदा नाव पोलिसात लागलं, की नोकरीला अर्ज करतानाही आडवं येतं. खेळायला न्हाई, बघायला गेलेली पोरं वाया जातात, बघ."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मामांचा एक जिवलग मित्र होता. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर. पण पेठा वेगळ्या. त्या काळी बूट चार आणि खेळाडू अकरा! चामड्याचा चेंडू पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा, डोक्यानं मारला तर तारे दिसायचे. एका सामन्यात मित्राच्या संघाला पेनल्टी मिळाली. मामा म्हणाले, ती खोटी होती. मित्र म्हणाला, खरी होती. झालं! दोघांचं बोलणं बंद. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल तीस वर्षं! रस्त्यात दिसला तर मामा दुसऱ्या बाजूला जायचे.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेला असा पूर आला, की कोल्हापूर आणि आसपासची गावं पाण्यात गेली. हायवे बंद पडला. मामांची मुलगी शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावी दिलेली. फोन लागेना. तालमीतली पोरं भाकऱ्या, औषधं, पाण्याचे कॅन गोळा करून निघाली. मामाही टेम्पोत चढले. बघतात तर काय, शेजारी तोच मित्र बसलेला! दुसऱ्या तालमीच्या पोरांनीही सामान आणलं होतं आणि टेम्पो एकच मिळाला होता.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचं? अर्धा रस्ता कोणच बोलेना. मग त्यो म्हणाला, पोरगी सुखरूप असंल, काळजी करू नको. मला रडूच आलं. पोरगी शाळेत सापडली, पाण्याच्या वर, धडधाकट. येताना मी त्याला म्हटलं, पेनल्टी खोटीच होती. त्यो म्हणाला, खरीच होती." मामा हसले. "आता रोज सकाळी रंकाळ्यावर भेटतो आणि रोज भांडतो. पण हातात हात घालून!"

रात्री मी मामांना आणखी एक प्रश्न विचारला. "आता परदेशी खेळाडूही घेतात म्हणे तालमींकडून. पैसा लागतो. मग पेठेची टीम पेठेची राहते का?" मामा म्हणाले, "बाहेरचा पोरगा चांगला खेळला, पेठेत मिसळला, तर त्यो पेठेचाच. अडचण पैशाची न्हाई. पैसा मालक झाला, की अडचण होते."

मुलांनो, यावरून मला फार लांबच्या एका गावाची हकिगत आठवली. नकाशात ग्रीस देश शोधा. त्याच्या डोक्यावर उत्तर मॅसिडोनिया नावाचा छोटासा देश दिसेल. पूर्वी तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. तिथं प्रिलेप नावाचं गाव आहे. कोल्हापूर जसं गुळासाठी, तसं प्रिलेप तंबाखूच्या शेतीसाठी ओळखलं जातं. या गावाचा एक फुटबॉल क्लब १९४१ मध्ये सुरू झाला. नाव 'पोबेदा', म्हणजे विजय. राजधानीतल्या मोठ्या क्लबांशी टक्कर देत २००४ मध्ये हा गावचा क्लब चक्क देशाचा विजेता झाला! गावाला केवढा आनंद झाला असेल! पण त्याच वर्षी युरोपच्या स्पर्धेत आर्मेनियाच्या एका संघाविरुद्धचा त्यांचा सामना पैजेच्या पैशांसाठी आधीच ठरवून खेळला गेला, असं पुढं चौकशीत ठरलं. २००९ मध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेनं क्लबवर आठ वर्षांची बंदी घातली. 'विजय' नावाचा क्लब मुद्दाम हरल्याबद्दल बदनाम झाला! गैरप्रकार मूठभर लोकांचा, पण नाव गेलं ते सगळ्या गावाचं. नंतर प्रिलेपमध्ये त्याच नावानं पुन्हा नव्यानं संघ उभा राहिला. क्लब बुडवणं सोपं, पण गावाच्या मनातलं नाव पुसणं सोपं नसतं, हेच खरं.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. बस हायवेला लागली, तशी मला गंमत वाटली. फुटबॉल बघायला मी कोल्हापूरला गेले होते, पण फुटबॉल तर आमच्या दाराशीही आलाय! तुर्भ्याहून पनवेलच्या गाडीत बसलं, की दुसरं स्टेशन नेरुळ. तिथं डी. वाय. पाटील स्टेडियम. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना इथंच रंगला. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथंच झाला. स्पेननं कोलंबियाला एका गोलनं हरवलं.

आणि २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताच्या एकवीस खेळाडूंमध्ये एक नाव होतं, अनिकेत जाधव. गाव कोल्हापूर! पुढं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. भारत तिन्ही सामने हरला, पण त्या एकवीस मुलांनी आपल्याला जगाच्या मैदानात नेऊन उभं केलं.

मग मला वाटलं, अनिकेतसारखी मुलं जिथून येतात, तिथं नुसतं मोठं स्टेडियम असून भागत नाही. आपल्या नातवासाठी ऑफसाइड शिकणारी आजी लागते. मनगट धरणारे मामा लागतात. बूट वाळत घालायला एक खिडकी लागते. हे सगळं विकत मिळत नाही. ते तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांभाळलेलं असतं.

सोमवारी मी वर्गात गुळाचा खडा वाटला आणि सगळी गोष्ट सांगितली. पाटाकडील, वाघाची तालीम, आजी, बाटली, टेम्पो, सगळं. मुलं कान देऊन ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "कोल्हापूरची पोरं पेठेला आपलं म्हणतात. का?"

एक मुलगी म्हणाली, "त्यांची ती जागाच आहे म्हणून."

दुसरा म्हणाला, "पण बाई, तो बाहेरचा प्लेअर? तो पण त्यांचाच झाला ना?"

मग बराच वेळ शांतता. आणि ज्यानं तो दगड मारला होता, तो मुलगा हळूच उठला. म्हणाला, "जो सांभाळेल त्याची जागा."

मी त्याला शाबासकी दिली नाही. शाबासकी देण्यासारखं त्याला पुढं बरंच काही करायचं होतं! पण फळ्यावर मात्र त्याचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्या शनिवारी आम्ही सगळे त्या मोकळ्या जागेत गेलो. जुनी आगरी घरातली मुलं आणि वस्तीतली मुलं, दोन्ही. काचा वेचल्या, खडे उचलले, प्लॅस्टिक गोळा केलं. चार पोती भरली! ट्रकच्या ड्रायव्हरकाकांना मुलांनीच जाऊन विनंती केली, "शनिवारी चार ते सहा एवढी बाजू मोकळी ठेवाल का?" एक पगडीवाले काका म्हणाले, "एक शर्त है, मुझे रेफरी बनाओ!" झालं, पंचही मिळाले! गोलच्या विटा जाऊन बांबू आले, त्यामुळं आतून की बाहेरून, हा वादच मिटला. मुलांनी तीनच नियम केले. पंचांचा शब्द शेवटचा. दगडाला हात लावायचा तो फक्त मैदान साफ करताना. आणि खेळायला येईल तो आपला, मग गाव कोणतंही असो. "मुलीपण?" असं एकीनं विचारलं. नेरुळच्या मैदानावर मुलींचा विश्वचषक होतो आणि तुर्भ्याच्या मैदानावर मुलींना बंदी? असं कसं चालेल!

संघाचं नाव मात्र अजून ठरलेलं नाही. कोल्हापूरसारखं जागेवरून नाव ठेवायचं, एवढं नक्की. कुणी म्हणतं मसाला गल्ली, कुणी म्हणतं खाणीकडील. यावर मधल्या सुट्टीत जोरात भांडणं चालू आहेत. चालू देत! तशी भांडणं मला आवडतात.

बालमित्रांनो, तुमच्याही गल्लीत, वाडीत, सोसायटीत अशी एखादी दुर्लक्षित जागा असेल. तिच्याकडं एकदा नीट बघा. तिला कोण सांभाळतं? तुम्ही सांभाळाल का? आणि आई-बाबांनो, मुलांचा चेंडू खिडकीवर आला, तर रागवायच्या आधी त्यांना एवढंच विचारा, "कुणाची रे तुमची टीम?"

परवा मी हजेरी घेताना सहज तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. आमच्या छोट्या गोलकीपरची पाळी आली. भुवईवरची खूण आता पुसट झाली आहे. तो उभा राहिला, थोडा विचार केला आणि म्हणाला,

"बाई, गाव कोल्हापूर. टीम तुर्भ्याची!"